लाडका कॅप्टन गेला, आता त्याची आठवण नीट कशी काढायची

फुटबॉल क्लबचा जुना कॅप्टन गेला की तासाभरात सगळीकडे एकच पोस्ट फिरायला लागते. काळा-पांढरा फोटो, खाली "लिजंड", "एका युगाचा अंत", "असा पुन्हा होणे नाही", आणि त्यातलं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही क्लबच्या कुठल्याही कॅप्टनचं नाव टाकलं तरी पोस्ट जशीच्या तशी चालते. भावना खरी असते, त्यात वाद नाही, पण त्या पोस्टमध्ये तो माणूस कुठेच नसतो. तर लिहायचं असो, बॅनर करायचा असो की स्टेडियममध्ये टाळ्या वाजवायच्या असोत, एकच गोष्ट धरून चला, ह्याने असं काय केलं जे दुसऱ्या कुणाला चिकटवता येणार नाही. ते सापडलं की बाकीचं काम सोपं आहे.

सगळ्यात आधी बातमी खरी आहे का बघा. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे प्रकार दरवर्षी होतात, त्यामुळे क्लबने किंवा घरच्यांनी सांगेपर्यंत हात आवरा, तुमची पोस्ट अर्धा तास उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही. आणि कशाने गेला ह्यावर तर्क लढवू नका. दाविदे आस्तोरीचं उदाहरण घ्या. इटलीतल्या फिओरेंतिना क्लबचा कॅप्टन, वय फक्त ३१, ४ मार्च २०१८ ला उदिनेसेविरुद्ध मॅच होती आणि सकाळी उदिनेच्या हॉटेलात तो खोलीत मृतावस्थेत सापडला, त्या दिवशीच्या सेरी आच्या, म्हणजे इटलीतल्या मुख्य लीगच्या, सगळ्या मॅचेस पुढे ढकलल्या. अशा वेळी घरची माणसं अजून धक्क्यात असतात आणि त्यांच्या फोनवर आपल्याच फॅन्सचे अंदाज जाऊन आदळतात. नकोच ते.

आता मुख्य काम, ती एक गोष्ट शोधणं.

कॅप्टन म्हटलं की आपण लगेच ट्रॉफ्या मोजतो. पण ट्रॉफ्या सगळ्या टीमच्या असतात, त्यात कॅप्टनचं असं काय हे वेगळं काढावं लागतं, म्हणून स्वतःला विचारा की दंडावर कॅप्टनची पट्टी होती म्हणून ह्याला काय करावं लागलं, किंवा पट्टी होती तरी ह्याने काय केलं नाही. बार्सिलोनाचा जुना कॅप्टन कार्लेस पुयोल, त्याला विचारा (सुदैवाने तो आहे, पण उदाहरण म्हणून त्याच्यापेक्षा भारी मिळणार नाही). २८ मे २०११, लंडनचं वेम्बली स्टेडियम, बार्सिलोनाने मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि कप उचलायची वेळ आली तेव्हा पुयोलने पट्टी टीममधल्या एरिक अबिदालच्या हाताला बांधली आणि कप त्याला उचलायला लावला. अबिदालच्या यकृतातला ट्यूमर त्याच मार्चमध्ये ऑपरेशन करून काढला होता. म्हणजे कॅप्टन म्हणून त्याचा सगळ्यात लक्षात राहणारा क्षण कुठला, तर ज्यात कप त्याच्या हातात नाहीये तो. आता ह्यावर चार ओळी लिहा आणि नाव बदलून बघा, बदलताच येणार नाही.

बॉबी मूरचंही असंच. १९६४ ला वेस्ट हॅमचा कॅप्टन म्हणून एफए कप, १९६५ ला कप विनर्स कप, १९६६ ला इंग्लंडचा कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप, तिन्ही वेळा वेम्बलीच्याच पायऱ्या चढून गेला. ही यादी झाली, चांगली आहे, पण आठवण म्हणून मला दुसरीच गोष्ट जास्त आवडते. ३० जुलै १९६६ ला वर्ल्ड कप घ्यायला वर जाताना त्याच्या लक्षात आलं की राणीच्या हातात पांढरेशुभ्र ग्लव्ह्ज आहेत आणि आपले हात चिखलाने भरलेत, म्हणून हात मिळवायच्या आधी त्याने ते पुसून घेतले. एक्स्ट्रा टाइम खेळून आलाय, वर्ल्ड कप जिंकलाय, आणि डोक्यात हे! फुटेज आहे, जाऊन बघा. मूर बॅकमध्ये इतका शांत कसा खेळायचा ह्यावर पानभर लिहिण्यापेक्षा ह्या दोन सेकंदांनी जास्त कळतं.

तिसरं उदाहरण बिली मॅकनीलचं. स्कॉटलंडच्या सेल्टिकचा कॅप्टन, २५ मे १९६७ ला लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप उचलणारा पहिला ब्रिटिश कॅप्टन. त्याचा दोन्ही हातांनी कप वर धरलेला फोटो तुम्ही पाहिलाच असेल. पण कप घेताना बाकीची टीम कुठे होती हे कधी मनात आलं का? मॅच संपल्याबरोबर लोक मैदानात घुसले, खेळाडू कसेबसे ड्रेसिंग रूममध्ये पोचले, आणि कप द्यायचा होता मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, त्यामुळे सगळ्या टीमला न नेता एकट्या कॅप्टनला तिकडे जावं लागलं. एवढं वाक्य फोटोखाली टाका, "लिजंड" लिहायची गरजच उरत नाही. फोटोत काय दिसतंय हे लोकांना दिसतंच, तो तसा का आहे ते तुम्ही सांगायचं, कॅप्शनचं काम तेवढंच.

अशी गोष्ट सापडत नसेल तर जुन्या फॅन्सना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "कसा होता हो तो?" म्हटलं की उत्तर येतं "एकदम ग्रेट", पुढे काही नाही. त्यापेक्षा विचारा की तुम्ही कुठल्या स्टँडला उभे असायचात, सोबत कोण असायचं, आपण मागे पडलो की हा काय करायचा, ओरडायचा की गप्प राहायचा, रेफरीशी कसा बोलायचा, मॅच हरल्यावर फॅन्ससमोर यायचा का की सरळ आत जायचा. आणि फोनवर रेकॉर्ड करा, विचारून अर्थात. म्हातारी माणसं स्कोअर चुकवतात, वर्ष तर हमखास चुकवतात, पण कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं हे सहसा चुकत नाहीत. स्कोअर तुम्ही नंतर तपासून घ्या.

आकडे टाकताना मात्र जरा डोकं ठिकाणावर ठेवा. एकाच खेळाडूचे मॅचेसचे दोन-तीन आकडे फिरत असतात आणि बऱ्याचदा सगळेच बरोबर असतात, मोजायची पद्धत वेगळी असते. इटलीच्या एसी मिलानचा जुना कॅप्टन पाओलो मालदिनी (हाही सुदैवाने आहे) मिलानकडून किती खेळला? सेरी आमध्ये ६४७, सगळ्या स्पर्धा धरून ९०२. कुणी ६४७ लिहिलं आणि खाली कमेंटमध्ये भांडण लागलं की समजायचं दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून आकडा लिहिला की तो फक्त लीगचा आहे की सगळ्यांचा हे त्याच वाक्यात लिहा, आणि जुन्या खेळाडूंच्या बाबतीत फ्रेंडली मॅचेस धरल्यात का तेही बघा.

चित्र, पोस्टर, भिंतीवरचं म्युरल करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. आजच्या जर्सीचा साचा जुन्या माणसावर चढवू नका. मॅकनीलच्या काळात सेल्टिकच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टवर पाठीला नंबरच नसायचा, नंबर असायचा शॉर्ट्सवर, तर पाठीवर मोठा ५ काढलात की जुने लोक लांबूनच हसणार. तसंच १९६६ च्या फोटोंमध्ये मूरच्या दंडाला कॅप्टनची पट्टी दिसत नाही, लाल शर्ट, लांब बाह्या, बस. आपल्याला वाटतं कॅप्टन आहे म्हणजे पट्टी हवीच आणि चित्रकार प्रेमाने ती काढून मोकळा होतो. एका विशिष्ट मॅचचा फोटो समोर ठेवून काढा, आठवणीतून काढू नका. आणि फोटो कुणी काढलाय ते शोधून नाव द्या, त्याला सवड असेल तर तोच तुम्हाला दोन गोष्टी जास्त सांगेल.

स्टेडियममध्ये काय करायचं

मिनिटभर शांतता की मिनिटभर टाळ्या, हा वाद दर वेळी होतो. माझं मत सरळ आहे, टाळ्या. शांतता सुंदर असते पण ती मोडायला हजारोंतला एक माणूस पुरतो, मग सगळे त्या एकाला "शूऽऽ" करतात आणि सगळ्यांना आठवतं ते फक्त तेवढंच. टाळ्यांमध्ये तो एक माणूस बुडून जातो. अपघात झालाय, तरुण माणूस अचानक गेलाय, तर शांतताच योग्य वाटते हे मान्य, पण भरपूर जगून गेलेल्या कॅप्टनसाठी आवाज झालेला बरा, त्याने आयुष्यभर तोच ऐकला होता.

जर्सी नंबरच्या मिनिटाला टाळ्या ही पद्धत आता सगळीकडे रुळलीय. ॲस्टन व्हिलाचा कॅप्टन स्टिलियन पेट्रोव २०१२ मध्ये ल्युकेमियाने आजारी पडला, तेव्हा फॅन्स मॅचच्या १९ व्या मिनिटाला उभं राहून टाळ्या वाजवायचे आणि हे एकदा करून थांबले नाहीत, पुढेही चालूच ठेवलं. तो बरा झाला, म्हणजे ही प्रथा फक्त गेलेल्यांसाठी आहे असं नाही. आस्तोरीसाठी १३ वं मिनिट. तुम्हीही करणार असाल तर तीन गोष्टी आधी ठरवा.

घड्याळाचं आधी. तेरावं मिनिट म्हणजे खरं तर घड्याळात १२:०० झाले की सुरू होतं, पण निम्मे लोक १३:०० ची वाट बघतात, मग अर्धे आधी आणि अर्धे नंतर, सगळा पचका. मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, "स्क्रीनवर १३:०० दिसले की". नंबर २, ३, ४ असेल तर अजून एक अडचण, तेव्हा लोक जागेवर पोचलेले नसतात, अशा वेळी सुरुवातीच्या शिट्टीआधीच टाळ्या वाजवा किंवा त्याच्या आयुष्यातलं दुसरं एखादं मिनिट किंवा वर्ष निवडा. आणि समोरच्या टीमच्या फॅन ग्रुपला दोन दिवस आधी कळवा. कट्टर वैरी असले तरी कळवा, माहीत असेल तर बहुतेक जण उभे राहतात, माहीत नसेल तर त्या मिनिटाला ते नेमके तुमच्या गोलकीपरला शिव्या घालत असतात.

हातवारे हा सगळ्यात स्वस्त आणि कधीकधी सगळ्यात भारी प्रकार. १९८२ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलचा कॅप्टन असलेला सॉक्रेटिस ४ डिसेंबर २०११ ला गेला, त्याच दिवशी त्याच्या जुन्या क्लबची, कोरिंथियन्सची, लीगची शेवटची मॅच होती. मॅचआधी खेळाडू मधल्या वर्तुळात उभे राहिले आणि त्यांनी मूठ वर केली, गोल केल्यावर तो करायचा तशी. स्टँडमध्येही तेच. त्या दिवशी क्लब लीग जिंकला. ना कापड लागलं, ना रंग, ना परवानगी. तुमच्या कॅप्टनचा असा काही हातवारा असेल, उभं राहायची लकब असेल, तर तीच वापरा.

बॅनर किंवा टिफो (फॅन्स अख्ख्या स्टँडभर उभं करतात ते मोठं चित्र) करायचा असेल तर परवानगीने सुरुवात करा, रंगाने नाही. बहुतेक स्टेडियममध्ये मोठं कापड आत न्यायचं तर ते सहजासहजी पेट घेणारं नाही ह्याचा कागद मागतात, नसेल तर गेटवरच अडकतं आणि तुमची सगळी मेहनत बाहेर पडून राहते. कापड घेतानाच तसं घ्या. चित्र मोठं करायची जुनी चौकटीची पद्धत अजूनही सगळ्यात बरी, कागदावर छोट्या चित्राला चौकोन पाडायचे, कापडावर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. प्रोजेक्टर असेल तर अजून पटकन होतं. चेहरा काढायचा मोह आवरा, जवळून ओळखू येणारा चेहरा समोरच्या स्टँडमधून कुणाचाही वाटतो. नंबर, पट्टी, तो कप धरलेला आकार, ह्या गोष्टी लांबून कळतात. मजकूर चार-पाच शब्दांच्या वर नको. आणि बॅनरखाली बसलेल्यांना मॅच दिसत नाही, म्हणून शिट्टीच्या आधी वर आणि शिट्टीबरोबर खाली, ह्यात अजिबात ढिलाई नको.

कार्डांचा टिफो असेल तर सीटचा नकाशा क्लबकडून घ्या, स्वतः मोजू नका, रांगेत मधेच खांब, जिने, रिकामी जागा असते आणि एका जागी चुकलं की पुढचा अख्खा आकडा सरकतो. प्रत्येक कार्डावर छोटी सूचना हवी, कधी उचलायचं, कुठली बाजू मैदानाकडे, कधी खाली. लोक कार्डाची विमानं करून उडवतात, ते होणारच, धरून चाला.

मूर २४ फेब्रुवारी १९९३ ला गेला, वय ५१, आतड्याचा कॅन्सर. वेस्ट हॅमच्या गेटवर स्कार्फ आणि फुलांचा ढीग लागला. त्यानंतरच्या पहिल्या होम मॅचला मैदानात फुलांनी केलेला त्याचा ६ नंबरचा शर्ट आणला होता, आणि नेहमी ६ नंबर घालणारा इयन बिशप त्या दिवशी १२ घालून खेळला. बघा, किती कमी गोष्टी लागल्या. नुसता एक फुलांचा शर्ट मधे ठेवला आणि एक आकडा मैदानातून काढून घेतला.

नंबर रिटायर करा ही मागणी

ही मागणी दुसऱ्याच दिवशी सुरू होते आणि तिला विरोध करणारा लगेच गद्दार ठरतो. थोडं थांबायला हरकत नाही. मूरचा ६ नंबर वेस्ट हॅमने रिटायर केला २००८ ला, तो गेल्यावर १५ वर्षांनी. आस्तोरीचा १३ मात्र फिओरेंतिना आणि त्याचा आधीचा क्लब कालियारी, दोघांनी लगेच काढून टाकला. मालदिनीचा ३ मिलानने रिटायर केलाय, पण त्याच्या मुलांपैकी कुणी पहिल्या टीममध्ये आला तर मिळेल अशी सोय करून. म्हणजे एकच रस्ता आहे असं नाही.

आणि नंबर वापरात राहिला तर काय होऊ शकतं तेही बघा. मॅकनील २२ एप्रिल २०१९ ला गेला. पाच दिवसांनी सेल्टिकची किल्मारनॉकशी मॅच, गोल काही होईना, आणि शेवटी योझो शिमुनोविचने हेडर मारला. सेंटर बॅक, मॅकनीलसारखाच. पाठीवर नंबर ५, मॅकनीलचाच. मिनिट ६७ वं, लिस्बनचं वर्ष. स्कोअर १-० आणि तोच शेवटचा. कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा अतीच झालं. ५ नंबर कपाटात बंद असता तर हे झालंच नसतं, म्हणून मी स्वतः नंबर चालू ठेवण्याच्या बाजूचा आहे. फिओरेंतिनाकडे उलटं झालं, आस्तोरी गेल्यानंतरच्या पहिल्या मॅचला, बेनेव्हेंतोविरुद्ध, एकमेव गोल केला व्हिटोर ह्यूगोने आणि त्याचा नंबर होता ३१. १३ उलटा. अशा गोष्टी ठरवून होत नाहीत, पण झाल्या की लगेच लिहून ठेवा, कारण दोन वर्षांत लोक त्यात पदरचं घालायला लागतात, मिनिट बदलतं, गोल करणारा बदलतो.

कडू गोष्टींचं काय

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे ठीक, पण खोटंही लिहू नये. "सगळ्या फॅन्सचा लाडका" असं लिहायच्या आधी तपासा. मालदिनीची मिलानच्या घरच्या मैदानावरची, सॅन सिरोवरची, शेवटची मॅच, २४ मे २००९, पंचवीस सीझन एकाच क्लबला दिलेला माणूस फेरी मारतोय आणि त्याच्याच कट्टर फॅन्सचा एक गट शिट्ट्या मारतोय, त्याच्याविरुद्ध बॅनर घेऊन उभा आहे. बाकीचं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. हे वगळून मालदिनीवर लिहिता येतं, बरेच लिहितातही, पण मग तो कट्टर गटांपुढे मान तुकवणारा कॅप्टन नव्हता हेही वगळलं जातं, आणि तीच तर त्याच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी नको, अंत्यसंस्कार होऊ द्या, पण नंतर सविस्तर लिहाल तेव्हा हे येऊ द्या.

पैसे गोळा करणार असाल तर आधी घरच्यांना विचारा की त्यांना कुठे जावेसे वाटतात. मूरच्या पत्नीने त्याच वर्षी आतड्याच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी बॉबी मूर फंड सुरू केला, तो अजून चालतो. फॅन्सनी परस्पर वेगळा डबा फिरवला की हिशोबाची भांडणं होतात, आणि नाव मात्र कॅप्टनचं खराब होतं.

दरवर्षी करायचं असेल तर तारीख नीट निवडा. मृत्यूची तारीख सगळ्यांच्या मनात असते पण ती सीझनच्या बाहेर पडू शकते, आणि तसंही त्या दिवशी त्याने काही केलेलं नसतं. कोलकात्याच्या मोहन बागानचं बघा, २९ जुलै १९११ ला शिबदास भादुरीच्या कॅप्टनशिपखाली त्यांनी ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, बरोबरीचा गोल स्वतः भादुरीचा, टीममधला एक जण सोडला तर सगळे अनवाणी. क्लब आजही २९ जुलै मोहन बागान दिवस म्हणून पाळतो. शंभर वर्षं उलटून गेली, त्यांना खेळताना पाहिलेलं कुणी उरलं नाही, तरी तारीख टिकली कारण ती मॅचची आहे.

जे रेकॉर्डिंग, फोटो, कात्रणं जमा होतील त्यांच्या फाइलला नावं द्या, तारीख, समोरची टीम, कुणाकडून मिळालं, एवढं तरी. नुसत्या नंबराच्या फाइल्सचा ढीग पुढच्या वर्षी तुम्हालाच उलगडणार नाही. एक कॉपी क्लबकडे, एक तुमच्याकडे, आणि ज्याने फोटो दिला त्याला मूळ फोटो परत. हे शेवटचं लोक विसरतात.

आणि कॅप्टन जिवंत असेल तर हे सगळं आत्ताच सुरू करा. मॅकनीलचा पुतळा सेल्टिक पार्कबाहेर डिसेंबर २०१५ मध्ये उभा राहिला तेव्हा तो स्वतः तिथे होता, आणि पुढे २०१७ मध्ये घरच्यांनी सांगितलं की त्याला डिमेन्शिया आहे. तुमच्याकडचा जुना कॅप्टन एखाद्या कार्यक्रमाला येणार असेल तर सेल्फीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा एक जुना फोटो घेऊन जा आणि विचारा, ह्यात तुमच्या शेजारी कोण आहे आणि तुम्ही त्याला काय सांगताय.